फळ्यावरचा समुद्र

धक्क्याच्या टोकाला नगरपालिकेची एक खोली होती आणि त्या खोलीत बसून बादलीकाका समुद्र चालवायचे. नोकरीच्या कागदावर त्यांचं काम तसं साधं होतं. रोज सकाळी दोरीला बांधलेली पत्र्याची लहान बादली धक्क्यावरून समुद्रात सोडायची, भरली की वर ओढायची, तिच्यात तापमापक बुडवायचा आणि येईल तो आकडा किनाऱ्यावरच्या मोठ्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचा. पण एखाद्याला एकच काम दिलं आणि ते वर्षानुवर्षं कुणी तपासलं नाही, की तो त्या कामाचा नोकर राहत नाही, मालक होतो. काका बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा समुद्र यांनीच कुठून तरी भरून आणलाय.

गावाला काकांचा अभिमान होता, कारण गावाला पाण्याचा अभिमान होता. गाव इतकं उत्तरेला होतं, की खरं तर हिवाळाभर त्याने बर्फात रुतून बसायला हवं होतं. समुद्रापलीकडे त्याच अक्षांशावर जी बंदरं होती, तिथे बोटी गोठून अडकायच्या. इथे मात्र भर हिवाळ्यात धक्का मोकळा असायचा आणि कुंड्यांतली फुलं तग धरायची, कारण दक्षिणेकडून निघालेला एक उबदार प्रवाह थेट गावाच्या दाराशी यायचा. त्यासाठी गावाने काडीचंही काम केलं नव्हतं. पण आयत्या मिळालेल्या गोष्टीचा माणसाला अंमळ जास्तच अभिमान असतो. खाणावळीचं नाव 'उबदार प्रवाह' होतं, केशकर्तनालयाचं नाव 'उबदार प्रवाह' होतं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यानेही दुकानाला तेच नाव दिलं होतं आणि गिऱ्हाईक का फिरकत नाही याचा तो विचार करत बसायचा.

धक्क्यावर कुणी पाहुणा आला, की काका त्याला सहजासहजी सोडत नसत.

"हे बघा, सूर्य विषुववृत्तावर जास्त मेहेरबान. तिथलं पाणी चांगलं तापतं. वर वारे आहेतच, बारा महिने एकाच बाजूने ढकलणारे. ढकललं की पाणी निघालं. आता ते सरळ येईल म्हणाल, तर नाही. खालून पृथ्वी फिरतेय ना! त्यामुळे ते आपल्या बाजूच्या अर्ध्या गोलात उजवीकडे वळतं, पलीकडच्या दक्षिणी गोलात डावीकडे. मध्ये जमीन आडवी आली की तिच्या कडेकडेने सरकतं. असं वळत वळत आपल्यापर्यंत येतं, आणि येताना तिकडची ऊब घेऊन येतं."

"मग पुढे कुठे जातं?" पाहुणा नाइलाजाने विचारायचा.

"पुढे अजून उत्तरेला. तिथे गारठतं. वर बर्फ धरलं की बर्फात मीठ जात नाही, ते खालच्या पाण्यात राहतं. गार आणि खारट पाणी म्हणजे जड पाणी. जड झालं की बुडतं, आणि तळातळाने परत दक्षिणेला निघतं. एका फेरीला हजारेक वर्षं लागतात म्हणे."

"आणि असा गरम प्रवाह ज्यांच्याकडे नाही ते?"

"त्यांचं काही खरं नाही. जिथे थंड प्रवाह किनाऱ्याला लागतो, तिथे हवा वर चढत नाही, ढग धरत नाहीत, पाऊस पडत नाही. नुसतं धुकं. समोर एवढा समुद्र आणि मागे वाळवंट! किनाऱ्याचं पोरीसारखंच असतं हो, सासर कसं मिळतं त्यावर सगळं."

यातलं अर्धं त्यांनी आधीच्या बादलीवाल्याकडून उचललं होतं आणि अर्धं खोलीतल्या नकाशावरून. गंमत म्हणजे या व्याख्यानात काही चुकीचं नव्हतं. चूक सगळी बादलीत होती.

आधीचे बादलीवाले पाणी वर ओढलं की उभ्या उभ्या तापमापक बुडवायचे. काकांनीही पहिल्या हिवाळ्यात तसंच केलं. पण धक्क्याच्या टोकाला त्या दिवसांत असा वारा सुटायचा, की डोळ्यांतून धारा लागायच्या, चष्म्यावर खारं पाणी उडायचं आणि तापमापकावरच्या रेघा एकात एक मिसळून जायच्या. तेव्हा काका बादली खोलीत आणू लागले. खोली एवढीशी. दोघं आत असले तर एकाला वळण्यासाठी दुसऱ्याला बाहेर जावं लागायचं. बादली ठेवायला जागा एकच होती, तेलाच्या शेगडीला खेटून. तिथे बादली ठेवून काका चष्मा पुसत, चहाचं आधण ठेवत, चहा निवांत पीत आणि मग तापमापक हातात घेत. कुणी विचारलंच, तर सांगत, "ओढताना पाणी हिंदकळतं. हिंदकळलेल्या पाण्याचा आकडा खरा येत नाही. त्याला जरा स्थिर होऊ द्यावं लागतं." हा शोध त्यांचा स्वतःचा होता आणि त्याबद्दल त्यांना मनातून बरंच कौतुक होतं.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. काकांच्या पोहऱ्यात मात्र यायचं. समुद्रात बारा अंश असले तरी फळ्यावर सोळा लागायचे. उन्हाळ्यात शेगडी बंद असे, त्यामुळे तेव्हाचा आकडा अगदी बरोबर असे. म्हणून वर्षाचे सगळे आकडे शेजारी शेजारी मांडले, की पाहणाऱ्याला वाटायचं, काय हा प्रवाह! ऋतू बदलले तरी याचं पाणी जेमतेमच उतरतं. नगरपालिकेने तर प्रवेशद्वारावर 'बारमाही उबदार समुद्र' असा फलकच लावला होता.

त्या फलकाच्या जोरावर गावात एक डुबकी मंडळ निघालं होतं. हिवाळ्यात रोज सकाळी मंडळाचे पंधरा-वीस सभासद फळ्यासमोर जमायचे, आकडा मोठ्याने वाचायचे आणि पाण्यात उतरायचे. बाहेर येताना त्यांचे दात वाजत असायचे, पण ते 'वाऱ्यामुळे'. पाणी उबदार आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. पहिल्यांदा आलेला एखादा पाहुणा किंचाळत बाहेर पळाला, तर मंडळाचे चिटणीस त्याच्याकडे दयेने पाहायचे. "प्रकृती नाजूक दिसते," असं हळूच म्हणायचे.

काकांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, या मंडळात पहिल्यापासून होत्या. त्यांचे गुडघे धरायचे. डॉक्टरांनी समुद्रात पोहायला सांगितलं होतं, पण एक अट घालून. "पाणी पंधराच्या खाली असेल त्या दिवशी पाय घालायचा नाही. त्रास वाढेल." फळ्यावर पंधराच्या खालचा आकडा कधी आलाच नाही, तेव्हा काकूंनीही कधी खाडा केला नाही. गुडघे बरे होत नव्हते. पण काकू तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना काही विचारलं, की "छान आहे" हे उत्तर ठरलेलं. काकांना वाटायचं, हिच्या आयुष्यातला एवढा एक आनंद आपण रोज स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहितो. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही, पण खडू उचलताना त्यांच्या मनात ते असायचं.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर समुद्रसंशोधन संस्थेतून एक बाई आल्या. वयाने लहान, बोलायला गोड आणि हुशार. धक्क्यापासून थोड्या अंतरावर त्यांनी एक पिवळं तरंगतं यंत्र नांगरून ठेवलं. ते दर तासाला पाण्याचं तापमान संस्थेला कळवायचं. हे प्रवाह हल्ली मंदावताहेत का, हे त्यांना शोधायचं होतं. "प्रवाह मंदावला तर नुसता समुद्र बदलत नाही काका, वरची हवा बदलते, पाऊस सरकतो, शेती सरकते," त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली आणि आमचा मंदावणाऱ्यांतला नाही, असं मुलाच्या बापाने सांगावं तसं सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात भानगड झाली. यंत्र म्हणायचं बारा आणि फळा म्हणायचा सोळा. बाईंनी यंत्र काढलं, पुसलं, परत लावलं. बारा. संस्थेतून दुसरं मागवलं. त्याचंही बारा. शेवटी एका संध्याकाळी त्या खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, "काका, यंत्रातच दोष असणार. तुमची इतक्या वर्षांची नोंद बघितली, एका रेषेत आहे. एवढं शिस्तीचं काम कुठल्याच बंदरात नाही. मी संस्थेला कळवलंय. उद्या दुपारी यंत्राच्या आकड्यात चार अंश कायमचे मिळवून टाकते, म्हणजे ते तुमच्याशी जुळेल. मग जगभरच्या नकाशावर तुमचंच पाणी दिसेल."

"असू दे," काका उदार होऊन म्हणाले. "नवं आहे बिचारं. शिकेल हळूहळू."

त्या आनंदात ते घरी गेले आणि शेगडीची वात संपत आली होती ती बदलायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटेना. चहा नाही, ऊब नाही. काकांनी पाणी नेहमीसारखं स्थिर होऊ दिलं, कोटाच्या खिशात हात घालून वाट पाहिली आणि तापमापक बुडवला. बारा.

त्यांनी तापमापक झटकला. बारा. दुसरी बादली ओढली. तिचेही बाराच.  यंत्र बिघडलं होतं हे ठीक, पण आता तापमापकही बिघडला? दोघं एकाच आकड्यावर बिघडतात कसे? म्हणजे मग बिघडलं होतं ते तिसरंच. प्रवाह गेला! रातोरात वळला, आपल्याला न सांगता. ते बाहेर येऊन समुद्राकडे बघत राहिले. समुद्र रोजच्यासारखाच दिसत होता. त्यांना त्याचा भयंकर राग आला.

तिकडे फळ्यासमोर डुबकी मंडळ खोळंबलं होतं. काका गेले, खडू उचलला आणि नेहमीसारखे सोळा लिहून मोकळे झाले. इतक्या वर्षांत त्यांनी जाणूनबुजून लिहिलेला हा पहिलाच खोटा आकडा. हिवाळ्यातले बाकीचे सगळे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे खोटे लिहिले होते.

मग ती बादली उचलून ते किनाऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेले. चहा मिळाला तर डोकं चालेल, असं त्यांना वाटलं. बादली त्यांनी त्याच्या शेगडीशेजारी टेकवली, तापमापक तिच्यातच होता. चहा पिता पिता त्यांची नजर सहज खाली गेली. साडेबारा. थोड्या वेळाने तेरा. काका कप हातात धरून तसेच वाकून राहिले. साडेतेरा.

"काका, समुद्र उकळायला ठेवलाय का?" चहावाल्याने विचारलं.

काकांनी तापमापकावरची नजर हलवली नाही. पंधरा झाले, सोळा झाले. पाणी स्थिर होत नव्हतं. पाणी शेकत होतं. प्रवाह कुठे गेला नव्हता, तो पहिल्यापासून बाराचाच होता. वरचे चार अंश दक्षिणेकडून आले नव्हते, नगरपालिकेच्या तेलातून आले होते.

आता खरं म्हणजे काही बिघडलं नव्हतं. वात बाजारात मिळत होती. ती आणून शेगडी पेटवली, की उद्यापासून परत सोळा. दुपारी बाई यंत्राला चार अंश शिकवणार, मग यंत्रही गप्प. खरं बोलणारं गावात तेवढं एकच होतं, आणि त्याचीही जीभ काकांच्या भरवशावर ओढली जाणार होती. काकांनी ओठांवर ओठ दाबून ठेवले की झालं. शिवाय बारा लिहिले तर काकूंचं पाण्यात जाणं बंद. तिचा तो एवढासा आनंद आपण हिरावून घ्यायचा? आणि कशासाठी, चार अंशांसाठी? असा सगळा हिशेब स्वतःच्या बाजूने लागला, की माणसाला तो फार पटतो. काका वात आणायला उठले.

तेवढ्यात त्यांना पाण्यातून बाहेर आलेल्या काकू दिसल्या. अंगाला टॉवेल गुंडाळून त्या धक्क्याच्या कठड्यावर बसल्या होत्या आणि ओठ निळे पडले होते.

"कसं होतं पाणी?" काकांनी विचारलं.

"छान. उबदार."

"हात दे बघू."

हात हातात घेतला आणि काकांनी तो सोडलाच नाही. इतका गार हात त्यांनी आयुष्यात धरला नव्हता. की रोजच असा असायचा आणि आपण धरलाच नव्हता?

"खरं सांग. कसं होतं?"

काकूंनी फळ्याकडे पाहिलं. "सोळा लिहिलंय ना तुम्ही."

"फळ्याचं विचारत नाही मी. तुला कसं लागलं?"

 काकू टॉवेलाचं टोक पिरगाळत म्हणाल्या, "गार लागतं हो मला. रोजच लागतं. आधी वाटायचं, सगळ्यांनाच लागत असेल. मग एकेकीला विचारून पाहिलं, तर सगळ्या म्हणायच्या उबदार आहे. म्हटलं, आपल्याच अंगात काहीतरी कमी आहे. फळ्यावर उबदार आणि अंगाला गार, मग चूक कुणाची? अंगाचीच की. त्यालाच दटावायचे आणि उतरायचे."

"अगं, पण मग जायचीस कशाला?"

"तुम्ही लिहिलेलं असायचं ना," काकू म्हणाल्या.

काकांना इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणी आलं. गावाला फसवल्याची लाज त्यांना वाटलीच नाही. गावाने हौसेने फसवून घेतलं होतं. पण या बाईने आपल्या खडूच्या एका रेघेवर विश्वास ठेवून स्वतःचं अंग खोटं ठरवलं होतं, आणि तेही कुरकुर न करता. ते वात आणायला गेले नाहीत, सरळ संशोधक बाईंच्या मुक्कामावर गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्या लालबुंद झाल्या, कारण या बंदराच्या नवलाच्या स्थिरतेवर त्यांनी नुकताच एक निबंध पाठवला होता. मग त्या उठल्या आणि यंत्राला चार अंश मिळवायचं काम रद्द करून आल्या.

"पण काका," त्या म्हणाल्या, "समोरच्या किनाऱ्यावर याच अक्षांशात आज बर्फ आहे. इथे बारा आहे हाच केवढा चमत्कार! प्रवाह खरा आहे तुमचा."

"बाई, सोळाची सवय लागलेल्या गावाला बाराचा चमत्कार कसा दाखवू?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर, वाऱ्यात, डोळे पुसत पुसत त्यांनी तापमापक वाचला आणि फळ्यावर बारा लिहिले. डुबकी मंडळात एकच हलकल्लोळ झाला. चिटणिसांनी पाण्यात एक पाय घातला आणि ओरडून बाहेर काढला. "अरे बापरे, आज काय गार आहे!" कालचंच पाणी होतं. निम्मं मंडळ फळ्यावरूनच घरी परतलं. दुपारपर्यंत नगराध्यक्ष स्वतः खोलीवर आले. ते चांगले होते, रागावले नाहीत. "काका, नवी वात पाठवून देतो," एवढंच म्हणाले. "बादली आपली होती तिथेच ठेवत चला. जुनी पद्धत होती, परंपरा म्हणतात तिला." काकांनी नाही म्हटल्यावर त्यांनी फळाच काढून नेला आणि प्रवेशद्वारावरचा फलक तेवढा नव्याने रंगवून घेतला.

काकांना मात्र धास्ती होती ती काकूंची. त्याच दिवशी सकाळी, फळा अजून जागेवर असताना, त्या फळ्यासमोर आल्या तेव्हा काका दूर उभे राहून बघत होते. काकूंनी आकडा वाचला. परत वाचला. आणि एवढ्या मोठ्याने हसल्या, की चिटणीस दचकले.

"म्हणजे गारच होतं ना!" त्या म्हणाल्या. "मला बरोबर कळत होतं!"

"आता तुझं जाणं बंद होणार गं," काका अपराधी आवाजात म्हणाले.

"बरंच झालं," काकू म्हणाल्या. "मला गार पाणी मुळीच आवडत नाही."

त्या सकाळपासून काकूंनी घरातल्या एकेका गोष्टीचं तापमान सांगायला घेतलं. चहा गोड फार होतो. तुमची बहीण आली की मी दमते. ती करडी शाल टोचते, दिली तेव्हापासून टोचते. काका प्रत्येक गोष्ट ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, दुसरं करता तरी काय येत होतं. दुपारी जेवायला बसताना काकू ताट घेऊन उभ्याच राहिल्या.

"या दाराकडच्या खुर्चीत मला वारा लागतो," त्या म्हणाल्या.

"दार तर बंद असतं."

"तरी लागतो."

काका उठले आणि त्यांनी खुर्च्या बदलल्या. लग्न झाल्यापासून ते आतल्या खुर्चीत बसत आले होते, आणि आपलं घर कसं उबदार आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते. पहिला घास तोंडात घातला आणि दाराच्या फटीतून आलेली बारीक, बोचरी झुळूक थेट त्यांच्या मानेवर बसली. त्यांनी कॉलर वर केली. काकू समोरून बघत होत्या.

"गार आहे," काका म्हणाले.

"आहे ना?" काकू म्हणाल्या, आणि जेवू लागल्या.